प्रीमियम बादलीत स्वस्तातला रंग: भांडुपला आमची झालेली फसवणूक

दिवाळीच्या आधी घराला रंग काढायला घेणार असाल तर हे वाचा, कारण आमचे पैसे गेलेत आणि तोच कॉन्ट्रॅक्टर आमच्या भागात अजून कामं घेतोय.

आमचा भांडुपला वन बीएचके आहे, मुलीच्या अभ्यासासाठी हॉलमध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन टाकलंय. जुन्या भिंतींना लाटा, बोर्डला सांधे, म्हणून आम्ही मॅटच, म्हणजे बिनचमकीचाच रंग पाहिजे म्हणून सांगितलं होतं. चमकणाऱ्या रंगावर उजेड परततो आणि प्रत्येक उंचवटा दिसतो, त्यात आपल्याकडे ट्यूबलाईट भिंतीवरच ठोकलेली, तिचा उजेड भिंतीवरून घसरत खाली येतो मग तर सगळंच उघडं पडतं. मॅटमध्ये उजेड पसरतो, दोष झाकले जातात. पण स्वस्त मॅटमध्ये रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग, कमी आणि भरताड पावडर जास्त, डाग बसला की पुसताना रंगच निघतो. चांगल्या वॉशेबल मॅटमध्ये रेझिन जास्त असतं, त्याचेच जास्तीचे पैसे असतात. आणि फसवणूक नेमकी इथेच करतात, कारण सुकल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही भिंती अगदी सारख्या दिसतात!

कॉन्ट्रॅक्टरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं, दोन हात पुट्टी, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), वर प्रीमियम वॉशेबल मॅटचे दोन हात. मटेरियलचे पैसे आधीच घेतले. बादल्या नामांकित कंपनीच्या आल्या पण सील फुटलेलं. विचारलं तर म्हणाला, ताई, शेड मशीनवर बनवतात, झाकण उघडावंच लागतं. हे खरंही आहे म्हणून पटतं. पण दुकानदार शेड बनवल्यावर झाकणावर किंवा बादलीवर शेडचा कोड आणि तारखेचं स्टिकर लावतो, ते आमच्या बादल्यांवर खरवडलेलं होतं. आम्ही दोघं ऑफिसला, घरी सासूबाई. त्यांनी बघितलं की रंगकामाचा पोरगा बाथरूममधून मगच्या मग पाणी ओततोय, त्यांनी टोकलं तर, काकू, पाणी घालावंच लागतं. हेही अर्धं खरं, किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं आणि कोणी मोजून घालत नव्हतं. त्या माणसाचं प्रत्येक खोटं असं अर्ध्या खऱ्यावर उभं होतं, त्याचा राग जास्त येतो.

पावसाळा संपायच्या आत पार्टिशनवर सरळ उभ्या भेगा आल्या, बरोबर सांध्यांवर. मुलीच्या दप्तराचा डाग ओल्या फडक्याने पुसला तर फडकं क्रीम रंगाचं झालं आणि भिंतीवर पांढरा चट्टा. शेजाऱ्यांच्या ओळखीच्या जुन्या रंगाऱ्याला बोलावलं, त्याने पत्तीने सांधा खरवडून दाखवला, आत टेपच नाही, नुसतं पीओपी भरून वर पातळ पुट्टी. बोर्डच्या सांध्यात जॉइंटिंग कंपाउंडमध्ये (सांधे भरायच्या मिश्रणात) टेप दाबून बसवावी लागते आणि मग सगळ्या बोर्डवर प्रायमर, कारण बोर्डचा कागद आणि भरलेला सांधा रंग वेगवेगळा पितात, प्रायमर नसेल तर कितीही महाग रंग मारा, पट्टे दिसणारच. तो प्रायमर आम्हाला बिलात लावला होता, भिंतीला कधी लागलाच नाही.

एक रिकामी बादली आम्ही पाणी भरायला ठेवली होती (मुंबईत कोण टाकतं?). तिच्या तळाशी एक स्टिकर खरवडायचं राहिलं होतं, त्यावर निळ्या शेडचा कोड आणि आमचं काम सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधीची तारीख. आमच्या घरात निळा रंग कुठेच नाही. म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या रिकाम्या बादल्या, आत हलका माल भरून आणलेल्या. बिलावरच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला हे बिल आमचं नाहीच.

तर रंग स्वतः दुकानातून घ्या, जीएसटी बिलासकट, स्टिकरवरचा शेड कोड आणि तारीख बिलाशी जुळवा, फोटो काढा. रंगाऱ्याला कंपनीकडून बक्षीस म्हणून मिळणारं टोकन बादलीत असतं ते त्यालाच द्या, त्याच्या हक्काचं आहे. पुट्टी घासून झाली की रात्री मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, लाटा तेव्हाच दिसतात आणि तेव्हाच दुरुस्त होतात. पार्टिशन असेल तर टेप लावताना घरातलं कोणीतरी समोर थांबा. आणि थोडे पैसे महिनाभर अडवून ठेवा, रंग पूर्ण मुरायला साधारण तेवढा वेळ जातो, त्यानंतर ओलं फडकं फिरवून बघा मगच शेवटचा हप्ता.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार केलीय, व्हॉट्सअ‍ॅपचं कोटेशन आणि बादलीचे फोटो जोडलेत. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, वरून अजून एक हात फुकट मारून देतो म्हणे. आम्ही नाही म्हटलं, पावडर सुटणाऱ्या थरावर नवीन रंग मारला की तो खालच्या थरासकट पोपडे धरून सुटतो. आम्हाला प्रायमरचे आणि रंगातल्या फरकाचे पैसे परत हवेत, तेच लेखी मागितलेत.