थ्री चॅनल ट्रेनरला एलेरॉन लावले, दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

विमान साधंच आहे, रिमोटवर उडणारं मॉडेल, सनबोर्डचा हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान), १२०० एमएमची विंग, २२१२ मोटर, ३एस (तीन सेलची) २२०० बॅटरी, आणि थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), रडर (शेपटीची उभी पट्टी) एवढेच तीन चॅनल, म्हणजे रिमोटवरून एवढ्या तीनच गोष्टी हलतात. भातकापणी झाली की आम्ही ठाण्यातले काही जण टिटवाळ्याच्या पुढे मोकळ्या शेतात उडवायला जातो. खारघरचा एक मित्रही आता एवढ्या लांब येतो, कारण २०२५ ला उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच्याकडे उडवायचा विषयच संपला (तुम्हीही सरकारच्या डिजिटल स्कायचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघूनच जागा ठरवा, उगाच लफडं नको).

सरळ सांगायचं तर एलेरॉन (विमान कलवणारी, विंगच्या मागच्या कडेची हलती पट्टी) लावणं हे अर्धंच काम आहे, खरं काम विंगचा व्ही, म्हणजे दोन्ही टोकं वर उचललेली असतात तो आकार, कमी करणं. थ्री चॅनलचं विमान वळतं ते त्या व्ही मुळेच, रडर दिला की नाक फिरतं, पुढे आलेल्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, तो उचलला जातो आणि विमान कलतं. आता तोच व्ही तसाच ठेवून एलेरॉन लावले तर तुम्ही विमान कलवणार आणि ते लगेच स्वतःला सरळ करणार, तुमची आणि विमानाची नुसती ओढाताण. माझ्या विंगची टोकं तीन-तीन इंच वर होती, मधला जॉइंट उघडून, आतली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी परत वाकवून ती सव्वा इंचावर आणली. पूर्ण सपाट केली नाही, थोडा व्ही ठेवला तर रडरलाही काम राहतं आणि हात सोडला की विमान अंगावर येत नाही.

एलेरॉन म्हणजे विंगच्या बाहेरच्या अर्ध्या भागात ३० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद पट्टी कापली, कडेला ४५ अंशाचा तिरका कट, वरून टेपचं बिजागर, खाली हॉर्न (सर्वोची दांडी अडकवायचा तुकडा). प्रत्येक बाजूला एक ९ ग्रॅमचा सर्वो (पट्टी हलवणारी छोटी मोटर), दोन्ही वाय वायरने (एकाच्या दोन होणाऱ्या) चॅनल १ ला, म्हणजे उजव्या स्टिकला. सर्वो आरशातल्यासारखे उलटसुलट बसवले की एक एलेरॉन वर, एक खाली आपोआप होतं. स्टिक उजवीकडे दिली की उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे, हे दर वेळी विंग लावल्यावर बघायचं म्हणजे बघायचं.

आता डिफरन्शियल, म्हणजे एलेरॉन वर आणि खाली सारखं न जाणं. खाली गेलेल्या एलेरॉनकडे लिफ्ट (उचल) वाढते तशी ड्रॅगही (हवेचा अडथळा) वाढते, म्हणून विमान उजवीकडे कलतं आणि नाक डावीकडे पळतं. राइट बंधूंनाही १९०२ च्या ग्लायडरला मागचा रडर हलता करावा लागला तो ह्याच भानगडीमुळे, त्यामुळे आपल्याला त्रास झाला तर वाईट वाटून घेऊ नका. उपाय म्हणजे एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जायला हवं. सर्वो विंगच्या खाली असेल तर त्याचा आर्म एक-दोन दाते पुढच्या कडेकडे झुकवून बसवा, बाकी ट्रान्समीटरला (रिमोटला) काही करावं लागत नाही. माझं वर १२ एमएम, खाली ७ एमएम, एक्स्पो (स्टिक मधोमध असताना हालचाल मवाळ ठेवणारी सेटिंग) ३० टक्के.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अंगठ्याने! आधी रडर उजव्या स्टिकवर होता, आता तिथे एलेरॉन आले आणि रडर गेला डाव्या स्टिकवर, आणि डावा अंगठा जन्मभर फक्त थ्रॉटल ओळखतो. आमच्यातले एक निवृत्त काका मागे उभं राहून ओरडायचे, "अरे शेपूट हलव जरा, झोपली की काय!" आणि त्यांचं बरोबर होतं. रडर न देता नुसत्या एलेरॉनने घेतलेला टर्न लांबून पण घसरलेला दिसतो.

फायदा कुठे झाला ते सांगतो. सकाळी आठपर्यंत हवा पडलेली असते तेव्हा जुन्या आणि नव्या विंगमध्ये फार फरक नाही. दहानंतर पश्चिमेचा वारा सुटला की जुनी विंग प्रत्येक झोक्याला वाऱ्याकडची बाजू उचलायची आणि विमान वाहवत जायचं, रडर पूर्ण देऊनही परत आणताना घाम फुटायचा. आता त्याच वाऱ्यात सरळ रेषेत येतं. आमची लँडिंगची पट्टी दोन बांधांच्या मध्ये, आडवा वारा ठरलेला, खाली भाताची धसकटं, तिथे हे एकच कारण मला पुरेसं आहे. फक्त शेवटच्या टप्प्यात स्पीड कमी असताना पंख पडला तर मोठं एलेरॉन देऊ नका, ज्या बाजूचं एलेरॉन खाली जातं तोच पंख आधी स्टॉल होतो (त्याची उचल संपते) आणि विमान तिकडेच गुंडाळतं. तिथे रडरनेच उचलायचं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर ग्लू गनचा डिंक उन्हाळ्याला टिकत नाही. मे महिन्यात बंद गाडीत विंग ठेवली आणि दोन्ही सर्वो खोबणीत डुगडुगायला लागले, आता लाकडी तुकड्यावर स्क्रूने बसवलेत. टेपचं बिजागरही एका बाजूने सुटत आलं होतं. प्लॅस्टिक गिअरच्या सर्वोला धसकटांत उतरल्यावर दात तुटायची सवय आहे, मी मेटल गिअरचे टाकले. वजन वायरसकट तीसेक ग्रॅम वाढलं, ते जाणवत नाही, पण सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा) परत तपासा. आणि ईएससीचा (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटचा) बीईसी, म्हणजे सर्वोंना वीज देणारा भाग, २ अँपियरचा लिनिअर असेल तर चार सर्वो म्हणजे तो तापणार, एखादा सर्वो अडकला तर अजूनच, त्यामुळे सर्वोंच्या विजेसाठी वेगळा यूबेक लावलेला बरा.

नवीन शिकणाऱ्याने हे आत्ताच करावं का? माझ्या मते नाही. व्ही असलेलं विमान चुका माफ करतं, हे तेवढं करत नाही. मी जुन्या डिझाइनची दुसरी विंग बनवून ठेवलीय, रबर बँड काढले की अदलाबदल, आणि भाच्याला शिकवताना तीच लावतो. ट्रान्समीटरमध्ये तिच्यासाठी वेगळं मॉडेल केलंय, त्यात चॅनल १ वरून चॅनल ४ ला (रडरला) १०० टक्के मिक्स दिलाय, म्हणजे रडर परत उजव्या स्टिकवर येतो आणि वायर बदलायची कटकट नाही. मिक्स उलटा लागला तर रडर उलटा जाईल, तेवढं जमिनीवर बघून घ्या.