मेडिक्लेम म्हणून विकलेलं 'फॅमिली हेल्थ कार्ड': मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांनी जरूर वाचा

गेल्या वर्षी पुण्यात धायरी, वडगाव, आनंदनगर भागातल्या बऱ्याच घरांना 'फॅमिली मेडिक्लेम' म्हणून एक कार्ड विकलं गेलं. त्यात आमचंही घर होतं. तो विमा नव्हता. डॉक्टरांच्या तपासणी फीवर आणि काही लॅबमध्ये थोडी सूट मिळेल, एवढाच त्या कार्डाचा अर्थ होता, आणि आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे तीही मिळाली नाही. आता त्याच लोकांचे रिन्यूअलचे मेसेज यायला लागलेत आणि नव्या पालकांनाही फोन जातायत. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही आमच्या दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. आमच्यासारखी काही घरं रविवारी सकाळी कधी सारसबागेत, कधी कुणाच्या सोसायटीच्या लॉनवर भेटतात. मुलं हुंदडतात आणि मोठ्यांच्या गप्पा चालतात: एनआयओएसचे (म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डाचे) विषय कोणते घ्यायचे, की सतरा नंबरचा, म्हणजे राज्य बोर्डाला बाहेरून बसायचा, फॉर्म भरून दहावीला बसवायचं, फ्लूची लस कुठे जरा स्वस्त पडते, दातांच्या तारांना किती खर्च आला. खर्चाचा विषय आमच्यात हमखास निघतो, कारण बहुतेक घरांत एकच मिळकत असते. माझ्या नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा पगाराबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला. दुसरा घ्यायचाच होता, चौकशी चालू होती.

अशाच एका रविवारी ती बाई आली. कुणाच्या तरी ओळखीने आली होती, आणि "माझीही मुलगी घरीच शिकते" असं सांगून बसली. तिला सगळं माहीत होतं. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा होते, दहावीला बसायला मूल चौदा वर्षांचं पूर्ण लागतं, पुण्यातल्या विभागीय कार्यालयात कोणती कागदपत्रं मागतात, हे तिने नव्या पालकांना नीट समजावून सांगितलं. विम्याचा शब्दही काढला नाही. तो विषय तिने पुढच्या भेटीत काढला.

तेव्हा सिंहगड रोडवरच्या जीबीएसच्या, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराच्या, साथीची धास्ती अजून कुणाच्या मनातून गेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही आमच्या रोजच्या रस्त्यावरची नावं टीव्हीवर दिसत होती. पाणी उकळून प्यायचं, पनीर आणि चिकन बाहेरचं खायचं नाही, मुलाचे पाय दुखले तरी पोटात गोळा. इम्युनोग्लोब्युलिनच्या एकेका इंजेक्शनला हजारो रुपये लागतात आणि रुग्णाला आयसीयूत किती दिवस राहावं लागेल सांगता येत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं. ती म्हणाली, "शाळेत जाणाऱ्या मुलांना राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. तुमच्या मुलांचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नाही. त्यांना काही झालं तर कोण बघणार?" ही योजना खरी आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांना अपघात झाला तर शासन सानुग्रह अनुदान देतं. साथ खरी, योजना खरी, एनआयओएसची माहिती खरी. त्या खऱ्याच्या ओळीत तिने आपलं कार्ड आणून बसवलं.

तिचं म्हणणं असं: होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची एक 'ग्रुप पॉलिसी' काढली आहे, म्हणून हप्ता कमी. नवरा-बायको, दोन मुलं आणि घरातली दोन ज्येष्ठ माणसं, सगळ्यांना मिळून पाच लाखांचं कव्हर. वर्षाला १४,५०० रुपये. वैद्यकीय तपासणी नाही. शुगर, बीपी पहिल्या दिवसापासून धरलेलं. पैसे यूपीआयने पाठवायचे, पावती व्हॉट्सॲपवर. पावतीवर नामांकित हॉस्पिटलांचे लोगो छापलेले होते, आणि कार्ड तर बँकेच्या कार्डासारखं चकचकीत.

विम्याची कंपनी केवळ विमा घेण्यासाठी जमवलेल्या घोळक्याला ग्रुप पॉलिसी देऊ शकत नाही. विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा हा नियम जुना आहे. नोकरी, बँकेचं खातं, संस्थेचं सभासदत्व असं आधीपासूनचं खरं नातं त्या गटात असावं लागतं. 'आपण सगळे पालक मिळून ग्रुप करू' असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबा.

पावसाळ्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर सायकलवरून घसरला आणि हातावर पडला. कोपर बघता बघता सुजलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आधी त्याच्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि ते परत गुलाबी होतंय का ते पाहिलं, मनगटावर नाडी चाचपली, मग एक्स-रे काढला. कोपराच्या जरा वरचं हाड मोडलं होतं आणि सरकलंही होतं. भूल देऊन हाड बसवायचं आणि पिना घालायच्या, असं ठरलं. नवरा मुलाजवळ थांबला आणि मी कार्ड घेऊन मेडिक्लेमच्या काउंटरवर गेले.

तिथल्या मुलीने विचारलं, "इन्शुरन्स कंपनी कुठली?" कार्डावर फक्त एक चमकदार नाव होतं, विमा कंपनीचं नव्हे. "टीपीए कोण आहे?" टीपीए म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेमचं काम बघणारी संस्था; तिचंही नाव नव्हतं. "पॉलिसीच्या कागदावर यूआयएन आहे का?" यूआयएन म्हणजे विमा उत्पादनाचा नोंदणी क्रमांक. पण पॉलिसीचा कागदच नव्हता, होती ती पावती. तिने कार्ड उलटं केलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, मग मोबाइलने फोटो काढून तो मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. काळ्या पट्टीच्या खाली, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे विमा उत्पादन नाही आणि सदस्यत्वाचं शुल्क परत मिळणार नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, अशी कार्डं घेऊन लोक येतात इथे." त्या मुलीचे मी आभार मानते. ती घाईत असूनही तिने मला एका बाजूला बसवून नीट सांगितलं.

कार्डावरच्या नंबरवर फोन लागला. "आत्ता डिपॉझिट भरा, नंतर रीइम्बर्समेंट होईल," असं उत्तर मिळालं. आम्ही चाळीस हजार डिपॉझिट भरलं. पुढे पिना काढण्यासकट सगळा खर्च ८६,००० च्या घरात गेला. तो घरच्यांकडून आणि क्रेडिट कार्डावरून उभा केला. मुलाचा हात आता सरळ होतो, बोटं नीट चालतात, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

रीइम्बर्समेंटच्या नावाखाली दुसरी लूट सुरू झाली. क्लेमची फाइल उघडायला ३,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, असे ३,५४० रुपये त्यांनी मागितले. आम्ही दिले नाहीत. आमच्या गटातल्या काहींनी दिले, आणि त्यांना नंतर 'व्हेरिफिकेशन'साठी अजून पैसे मागण्यात आले. खरी विमा कंपनी क्लेमसाठी तुमच्याकडून एक पैसाही घेत नाही. हॉस्पिटलची मूळ बिलं कुरियर करा असंही ते सांगतात. ती हातातून सोडू नका. एकदा गेली की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

पण मला खरी कळकळ आहे ती पुढच्या गोष्टीची. १४,५०० रुपये बुडाले त्याचं दुःख आहेच, पण ते पैसे पुन्हा कमावता येतील. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंची आठ वर्षं चालू असलेली चांगली पॉलिसी होती. कार्ड विकणाऱ्या बाईने त्या मैत्रिणीला सांगितलं, "काकूंचं नाव यात आलंच आहे, दोन-दोन हप्ते कशाला भरता?" रिन्यूअलची तारीख गेली. वार्षिक हप्त्याला साधारण तीस दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात भरलं तर जुने फायदे टिकतात. तेही दिवस गेले. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, त्यांना शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे. आता नवी पॉलिसी मागितली की एक कंपनी सरळ नाही म्हणते, दुसरी न झेपणारा हप्ता सांगते, आणि कुणी दिलीच तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. ते थांबणं त्यांनी जुन्या पॉलिसीत केव्हाच पार केलं होतं. शिवाय सलग साठ महिने पॉलिसी चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, 'तुम्ही आजार लपवला' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आठ वर्षांचं ते कवच एका फोनवर गेलं. दुसऱ्या एका घरात हाच प्रकार सवलतीच्या दिवसांत लक्षात आला आणि त्यांनी लगेच हप्ता भरून पॉलिसी वाचवली. तेव्हा कुणी काहीही सांगो, नवी पॉलिसी हातात येऊन तिची खातरजमा होईपर्यंत जुनी सोडू नका. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टिंगची, म्हणजे जुने फायदे घेऊन दुसऱ्या कंपनीत जाण्याची, रीतसर सोय आहे आणि तिचा अर्ज जुनी पॉलिसी संपण्याआधीच करायचा असतो.

खातरजमा करायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक विमा उत्पादनाला आयआरडीएआयचा यूआयएन असतो आणि तो पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. विमा कंपन्यांची यादी आयआरडीएआयच्या वेबसाइटवर आहे. कार्डावरचं नाव त्या यादीत नसेल तर तो विमा नाही. पॉलिसीबरोबर कंपनीने ग्राहक माहिती पत्रकही द्यायला हवं, त्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते सोप्या भाषेत असतं. पैसे विमा कंपनीच्या नावानेच जायला हवेत, कुण्या व्यक्तीच्या किंवा 'एंटरप्रायझेस'च्या यूपीआयवर नाही. आणि पॉलिसी हातात आल्यावर ती पसंत पडली नाही तर परत करायला तीस दिवस मिळतात. या मार्चमध्ये मला कार्डवाल्यांकडून 'विमा हप्ता अधिक १८ टक्के जीएसटी' असा मेसेज आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच कव्हर असलेल्या) आरोग्य विम्यावर जीएसटी नाहीच.

घरातल्या ज्येष्ठांचं नाव त्या कार्डात आहे, यासाठीही कित्येकांनी ते घेतलं होतं. ज्यांचं वय सत्तर किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना मिळकत न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये होतात आणि त्याला हप्ता नसतो. माझ्या सासऱ्यांचं आम्ही आता आधार कार्डावर काढून घेतलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही माहिती घ्या. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे योजनेचे कर्मचारी, बसतात, कोणते उपचार त्यात येतात ते त्यांनाच विचारा.

तक्रारीचं सांगते. नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे, आम्ही आधी तिथे गेलो. तिथे समजलं की लोकपाल विमा कंपन्या आणि विमा ब्रोकर यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकतात, आणि कार्ड विकणारे यातले कुणीच नाहीत. म्हणजे विमा नसल्यामुळे विम्याच्या तक्रारीचा रस्ताही बंद. मग पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात फी नाही. तुम्ही पैसे नुकतेच पाठवले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

एक बोलणं मला या काळात फार लागलं. "शाळेत घातलं असतं तर ही वेळ आली नसती," असं जवळच्या नातेवाइकांनी ऐकवलं. आमच्याच सोसायटीत ज्यांची मुलं शाळेत जातात अशा घरांनीही हे कार्ड घेतलं आहे. त्यांना शाळेचं कारण सांगितलं नव्हतं, जीबीएसचं सांगितलं होतं. ज्याला जी काळजी, त्याला ती दाखवून पैसे काढले. फसलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाच्या निर्णयावरून बोलून दाखवू नका. अशा बोलण्याच्या भीतीनेच कित्येक जण गप्प बसलेत आणि तक्रारीवर सही करत नाहीत.

आमच्या तक्रारीची सुनावणी अजून व्हायची आहे. आमच्यापैकी काहींना, वकिलाची नोटीस गेल्यावर, अर्धे पैसे परत आले. बाकीच्यांचे फोन ते उचलत नाहीत. ज्यांनी हे कार्ड घेतलंय त्यांनी पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा. 'कव्हर', 'कॅशलेस', 'पॉलिसी' हे शब्द त्यांनी ज्या मेसेजमध्ये लिहिलेत, ते पुरावा म्हणून सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. ज्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये पैसे भरले, त्यांनी तारीख आजच तपासून घ्या.