हिरवा दिवा बघून आम्ही निर्धास्त राहिलो

वैशाखात चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आम्ही दोघं गडहिंग्लजला गेलो. दोन रात्री घर बंद. परत आलो तेव्हा पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि मागचं स्वयंपाकघराचं दार कडीसकट उचकटलेलं. सासूबाईंचा कोल्हापुरी साज, चांदीचं ताट-वाटी, देवघरातली समई, डब्यातली रोकड, सगळं गेलं. त्या घरात ४२,००० रुपयांचा अलार्म बसवलेला होता. तो एकदाही वाजला नाही.

चोरीचा तपास पोलीस करताहेत, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. ज्यानं तो अलार्म विकला त्याच्याबद्दल लिहितेय. कोल्हापुरातल्या आर. के. नगरसारख्या आमच्या भागात म्हातारा-म्हातारी घरात आणि पोरं पुण्याला अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, आणि तो माणूस अशीच घरं हेरून येतो.

आमच्याकडे तो दसऱ्यानंतरच्या रविवारी आला. शर्ट इन केलेला, हातात चकचकीत कागद, बोलायला गोड. "काकू, मुलगा बाहेर असतो ना तुमचा? मग काकांच्या जिवाला घोर नको." दोन दिवसांत फिटिंग झालं. दिवाणखान्यात पॅनेल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, पुढच्या-मागच्या दारांना आणि दोन खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर, हॉलच्या आणि जिन्याच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारे पांढरे डबे, वर एक सायरन. मग त्यानं पॅनेल चालू केलं, हिरवा दिवा लागला आणि म्हणाला, "काका, आता पुढचं दार उघडा." ह्यांनी उघडलं आणि सायरन असा केकाटला की समोरचे आण्णा फाटकापर्यंत धावत आले. आमची खात्री पटली. तिथंच फोनवरून पैसे पाठवले.

आमच्यासमोर त्यानं फक्त एक दार तपासलं. दारं, खिडक्या आणि पांढरे डबे मिळून सहा ठिकाणं, त्यांपैकी एक.

चोरीनंतर तिसऱ्या दिवशी भाचा आला. शिवाजी उद्यमनगरात तो इलेक्ट्रिक पॅनेल बांधतो. त्यानं स्क्रू काढून पॅनेलचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मावशी, हे बघ."

त्यानं मला समजावलं ते असं. प्रत्येक दार-खिडकीची आणि पांढऱ्या डब्याची पॅनेलला एक वेगळी वायर-जोडी येते, तिला झोन म्हणतात. त्या जोडीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे सेन्सरपाशी, एक बारका रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा तुकडा, लावायचा असतो. पॅनेल सतत त्याचा रोध मोजत असतं. दार उघडलं, कुणी वायर कापली किंवा दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या, तरी आकडा बदलतो आणि सायरन होतो. आमच्या सहापैकी पाच झोनचे रेझिस्टर पॅनेलच्या आतच टर्मिनलला पिळून लावले होते. डाळीच्या दाण्याएवढे, रंगीत पट्ट्यांचे. त्यामुळे पॅनेलला कायम सगळं ठीकच दिसत होतं. मागचं दार सताड उघडं असतं तरी हिरवा दिवा तसाच राहिला असता. मागच्या दाराच्या सेन्सरची वायर भाच्यानं पट्टीतून नुसती ओढली, ती वीतभर बाहेर आली आणि संपली. तिचं दुसरं टोक कुठंच जात नव्हतं.

मग जिन्यातला पांढरा डबा उतरवला. खऱ्या डब्यात, ज्याला पीआयआर म्हणतात, माणसाच्या अंगाची उष्णता टिपणारा एक लहान सेन्सर असतो. त्याच्यावरच्या दुधी प्लास्टिकला बारीक रेघा असतात, त्या भिंगाचं काम करतात. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळतं. म्हणून त्याच्यासमोरून आडवं चाललं की तो लगेच पकडतो, थेट त्याच्याकडे चालत गेलं तर थोडा उशिरा. आमच्या डब्यात एक लाल दिवा आणि तो लुकलुकवणारं बोटाच्या पेराएवढं सर्किट होतं, बस्स. सेन्सर नव्हताच. सहा महिने तो दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकायचा आणि मी रात्री पाणी प्यायला उठले की तो बघून मला बरं वाटायचं. खरा डबा चालून बघायच्या मोडवर ठेवला की माणूस समोरून गेल्यावरच दिवा लावतो. खोलीत कुणी नसताना ठरावीक वेळानं लुकलुकणारा दिवा दिसला तर डबा उघडून बघा.

तिसरी गोष्ट बॅटरीची. पॅनेलच्या तळाशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी बसते, दोन किलोच्या वर वजन असतं तिचं. लाईट गेली की सगळी यंत्रणा तिच्यावर चालते. आमच्याकडे त्या जागी थर्माकोलचा तुकडा कोंबला होता. आमचं मीटर पोर्चमध्ये आहे, तिथला मेन स्विच चोरांनी खाली ओढला होता. म्हणजे पाचही झोन खरे असते तरी त्या रात्री काही वाजलंच नसतं. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, कारण झाकण एकदा उघडून बघितलं असतं तर मलाही हे दिसलं असतं. त्याला कुठलं शिक्षण लागत नाही.

पॅनेलमधून मोबाईलवर फोन येणार होता, तोही कधी आला नाही. ह्यांचं जुनं जिओचं सिम त्यानं मागून घेतलं आणि आत घातलं. "रेंज पकडायला रात्र होईल काका," म्हणाला आणि गेला. ते पॅनेल टूजीवर चालणारं आहे आणि जिओ टूजी देतच नाही. ते सिम त्या यंत्रात जन्मात चाललं नसतं. आम्ही दोन-तीनदा फोन केला, "कंपनीकडून अपडेट येतंय" असं उत्तर मिळालं, मग दिवाळीच्या गडबडीत विषय मागं पडला.

बिलाचं सांगते. पॅडच्या कागदावर एकच ओळ: 'सिक्युरिटी सिस्टीम, १ सेट'. कुठल्या कंपनीचं पॅनेल, किती झोन, कुठला सेन्सर, बॅटरी किती, काही नाही. जीएसटी नंबर नाही. कार्डावरच्या शाहूपुरीतल्या पत्त्यावर हे जाऊन आले, तिथं असं दुकानच नाही. फोन बंद. आता आमच्या हातात फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि भाच्यानं पंचनाम्यानंतर काढलेले फोटो एवढंच आहे. त्यावर पोलिसांत वेगळी फसवणुकीची तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं. २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची, त्याचं खरं नाव तर पाहिजे! म्हणून जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि तो नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्या.

आणि पैसे देण्याआधी फिटिंगवाल्यासमोर, संकोच न करता, एकेक दार-खिडकी स्वतःच्या हातानं उघडून सायरन वाजतो का बघा. प्रत्येक वेळी बंद करून पुन्हा चालू करायला लावा. पुढच्या दाराला आत येऊन कोड दाबायला काही सेकंद सवलत ठेवलेली असते, तिथं सायरन उशिरा होईल, बाकी ठिकाणी लगेच. मग मेन स्विच पाडा आणि पुन्हा तेच करा. तुमच्या मोबाईलवर फोन वाजेपर्यंत त्याला चहा पाजून बसवून ठेवा. खरा माणूस कंटाळणार नाही.

भाच्यानं आता त्याच पॅनेलवर नवे सेन्सर, बॅटरी आणि टूजीवर चालणारं सिम बसवून दिलंय. दर महिन्याच्या एक तारखेला आमचे हे मेन पाडतात आणि मी मागचं दार उघडते. आण्णांना आदल्या दिवशी सांगून ठेवतो.

साज अजून मिळालेला नाही. २१ पानांचा होता, सासूबाईंच्या लग्नातला. पोलिसांनी फोटो मागितला तेव्हा कळलं की त्याचा वेगळा फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता. शेवटी आमच्या लग्नाच्या अल्बममधला सासूबाईंचा फोटो दिला, त्यात पदराखाली अर्धीच पानं दिसतात.