१९२० सालची जन्म-मृत्यू पुस्तिका: माल चोख, मांडणी उलटी

शाळेत परिपाठाला दिनविशेष सांगायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांचा वीट आला होता, म्हणून भारतातल्या एकट्या १९२० सालच्या जन्म-मृत्यूंची ही पुस्तिका प्रदर्शनात दिसली तशी उचलली. ८० रुपये, पिनांची शिलाई, कागद बरा, अक्षर मात्र मुंगीएवढं. चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्मा घेऊनच बसावं.

नोंदींना नावं ठेवायला जागा नाही. तारखेबरोबर गाव दिलंय, त्याचा फार उपयोग होतो. रविशंकर ७ एप्रिलचे, हेमंतकुमार १६ जूनचे आणि जन्म दोघांचाही बनारसचा, हे नुसत्या नावांच्या यादीत कधी लक्षात आलं नसतं. नानी पालखीवाला मुंबईचे, सतीश धवन श्रीनगरचे. के. आर. नारायणन यांच्या २७ ऑक्टोबरखाली बारीक टीप आहे: ही तारीख शाळेत नाव घालताना घरच्या वडीलधाऱ्यांनी अंदाजाने सांगितलेली. आमच्याकडे गुरुजींनी अशा पोरांना सरसकट १ जून देऊन टाकला. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाचा दाखलाही त्याच पंगतीतला निघाला, हे वर्गात सांगायला मजा येते.

आता तक्रार. पुस्तिकेच्या पुढच्या अर्ध्यात सगळे जन्म, मागच्या अर्ध्यात सगळे मृत्यू. का? लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात गेले ते मध्यरात्र उलटल्यावर, १ ऑगस्टला. अण्णा भाऊ साठे वाटेगावात जन्मले तेही १ ऑगस्टला, त्याच साली. दरवर्षी त्या दिवशी आमच्या टेबलावर दोन तसबिरी शेजारी शेजारी ठेवतो, एकाच नारळात पुण्यतिथी आणि जयंती दोन्ही होतात. पाचवीतल्या एकाने विचारलं होतं, सर, हे दोघं मित्र होते का? या प्रश्नाचं उत्तर साल सांगितल्याशिवाय देता येत नाही. आणि पुस्तिकेत नेमके हेच दोघं दोन टोकांना. (त्यात शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या अण्णा भाऊंना हार घालायला आख्खी शाळा उभी असते, तो भाग वेगळा.)

गणिताच्या तासालाही तीच अडचण. २६ एप्रिलला रामानुजन गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. रविशंकर तेव्हा १९ दिवसांचे. १० सप्टेंबरला सी. आर. राव जन्मले, संख्याशास्त्रात नाव काढलं आणि १०२ वर्षं जगले. एका दमात सांगण्यासारखी ही गोष्ट. पण त्यासाठी बोटं दोन पानांत अडकवून पुढे-मागे करत बसावं लागतं, तोवर घंटा होते.

मी शेवटी मृत्यूंच्या तारखा पेन्सिलने जन्मांच्या पानांवर समासात उतरवून घेतल्या. समास सढळ सोडलाय, तेवढं श्रेय छापणाऱ्याला. घ्यायला हरकत नाही, विशेषतः पाचवीच्या पुढच्या वर्गांसाठी. पुढच्या आवृत्तीत सरळ जानेवारी ते डिसेंबर असा एकच क्रम लावावा आणि ३१ जानेवारीला बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चीही नोंद घ्यावी. पत्राचाही जन्मच असतो की. पाचपैकी साडेतीन.