कोथरूडचं सीए ऑफिस: रिटर्नसोबत श्रीमंतांच्या टॅक्सचा क्लास फुकट

चार स्टार. पाचवा वेटिंगमुळे गेला, आणि वेटिंग का होतं तेच सांगायचंय.

कोथरूडमधलं ऑफिस आहे, नाव टाकत नाही कारण मॅडम स्वतःच म्हणाल्या की जुलैत आधीच पाय ठेवायला जागा नसते, अजून गर्दी नको. नुसता फॉर्म सोळा (कंपनी देते तो पगार-टॅक्सचा कागद) असेल तर 1500, शेअर आणि म्युच्युअल फंड विकले असतील तर 3000. यापेक्षा स्वस्तात ॲपवर होतं, माहितीये. पण इथे मॅडम एआयएस (टॅक्स खात्याकडची आपल्या व्यवहारांची नोंद) उघडून एकेक ओळ विचारतात, माझं एका जुन्या एफडीचं व्याज राहिलं होतं ते त्यांनीच पकडलं, नाहीतर नंतर नोटीस आली असती आणि मी बसले असते रडत.

आता वेटिंग. बाहेर बाकावर दोन काका भांडत होते. एकाचं म्हणणं, 5 कोटीच्या वर कमावतात त्यांना सरळ 50 टक्के लावा. दुसरे म्हणे मग सगळे दुबईला जातील. मॅडमच्या केबिनचं दार उघडंच असतं, त्यांनी दोघांनाही आत बोलावलं, मलाही, आणि 26एएसच्या (कापलेल्या टॅक्सचं स्टेटमेंट) प्रिंटच्या पाठीमागे आकडे मांडायला घेतले. माझा नंबर असा गेला.

आधी पगाराचं गणित, 4 लाखांपासून सुरू होणारे नवे स्लॅब धरून. 30 लाख पगार, स्टँडर्ड डिडक्शन (पगारवाल्यांना मिळणारी ठरावीक सूट) वजा करून टॅक्स 4,75,800. आता दुसऱ्या कुणाला तेच 30 लाख लिस्टेड शेअर वर्षभराहून जास्त ठेवून मग विकून लाँग टर्म नफा म्हणून मिळाले आणि बाकी काहीच इन्कम नाही, तर 3,21,750. एवढ्यावर काका नुसते हं म्हणाले. मग मॅडमनी दोन्हीकडे 6 कोटी टाकले. पगारवाल्याला सेस, सरचार्ज (दोन्ही म्हणजे टॅक्सवरचा जादा टॅक्स) सगळं धरून 2 कोटी 28 लाखांच्या वर. शेअरवाल्याला 89 लाखांच्या आत!! कारण त्या नफ्याला रेट साडेबारा टक्के आणि सरचार्ज 15 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे सगळं मिळून 14.95. आणि खरे गर्भश्रीमंत पगारावर जगतात का, त्यांचं सगळं शेअरमध्येच असतं, आणि विकले नाहीत तर टॅक्सच नाही. 50 टक्केवाले काका गप्प. मी पण, कारण माझ्या पगाराच्या वरच्या लाखांवर 31.2 टक्के जातात हे माझ्यासमोरच छापलेलं होतं.

दुबईवाल्या काकांनाही सोडलं नाही हं. 2019 च्या जुलैच्या बजेटमध्ये सीतारामन यांनी 5 कोटींच्या वर सरचार्ज 37 टक्के केला, एकूण रेट गेला 42.744 वर. परदेशी गुंतवणूकदारांनी ओरड केली, मार्केट पडलं, आणि ऑगस्टमध्येच शेअरच्या नफ्यावरचा वाढीव सरचार्ज मागे घेतला. पगारवाल्यांचा तसाच राहिला. मग 2023 मध्ये नव्या रिजीममध्ये (कमी रेट, कमी सवलतीवाली पद्धत) तोही 25 वर आणला, म्हणजे 39 टक्के, आमच्या 6 कोटीवाल्या काल्पनिक साहेबांचे त्यात जुन्या रिजीमपेक्षा 25 लाख वाचले. मॅडमचं म्हणणं, कोण दुबईला जाणार ते नंतर बघू, आधी हे बघा की ओरड कुणाची ऐकली जाते.

मला सगळ्यात नवीन वाटलं ते सरचार्जचं. हा पैसा राज्यांना वाटला जात नाही, सगळा केंद्राकडे. म्हणजे मुंबईतल्या अतिश्रीमंताने भरलेल्या सरचार्जमधला एक रुपयाही महाराष्ट्राच्या वाट्याला टॅक्स म्हणून येत नाही. स्लॅबचा रेट वाढवला तर राज्यांना हिस्सा द्यावा लागतो, म्हणून कुठलंही सरकार असो, वाढवायचा तर सरचार्जच वाढवतात. हे पेपरात कुणी सांगत नाही राव.

निघताना 50 टक्केवाल्या काकांनी शेवटचा प्रयत्न केला, म्हणे पूर्वी लोक भरायचेच की. मॅडम हसल्या. 1973-74 ला वरचा रेट 97.75 टक्के होता, 2 लाखांच्या वरच्या उत्पन्नावर, आणि अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. पुढच्याच बजेटमध्ये त्यांनीच तो 77 वर आणला, कारण एवढ्या रेटला लोक दाखवायचेच कमी. माझं मत विचाराल तर वरच्यांचा टॅक्स वाढायलाच हवा, पण स्लॅबमध्ये नाही, त्या साडेबारा टक्क्यांत, निदान 5 कोटींच्या वरच्या नफ्याला तरी. तेवढं केलं तर माझ्या छोट्या एसआयपीवाल्या मावशीला काही फरक पडणार नाही, तिचा सव्वा लाखापर्यंतचा नफा तसाही माफच आहे.

बाकी ऑफिसबद्दल. चहा मिळतो, गोडमिट्ट. प्रिंटर सारखा अडकतो. असिस्टंट मुलगा हुशार आहे पण फोन उचलत नाही, व्हॉट्सॲप करा. रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफाय तुमच्यासमोरच ओटीपी घेऊन करतात, नंतर करा म्हणून सोडून देत नाहीत. पार्किंग शून्य, रिक्षाने जा. आणि घाई असेल तर बाकावर बसून टॅक्सवर तोंड उघडू नका, मॅडमना ऐकू जातं.