माणसं की कारखाने : वादविवादात कुठली बाजू घ्याल?

सांगलीतल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला यंदा विषय आलाय, 'अमेरिकन यादवीत उत्तर जिंकली ती मनुष्यबळावर की उद्योगांवर?' ही यादवी म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेची राज्यं यांच्यातलं युद्ध. बाजू आपण निवडायची आहे. माझ्याकडे तयारीला येणाऱ्या मुलांपैकी जवळपास सगळ्यांना उद्योगांची हवी. मी सांगतोय, जरा थांबा.

उद्योगांची बाजू मांडायला सोपी, हे कबूल. १८६० च्या सुमारास उत्तरेत लहानमोठे १ लाख १० हजार कारखाने, दक्षिणेत १८ हजार. रेल्वे उत्तरेत २२ हजार मैल, दक्षिणेत ९ हजार. एकट्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने युद्धकाळात सुमारे ८ लाख बंदुका केल्या. एवढं म्हटलं की टाळ्या पडतात. पण समोरचा वाचून आलेला असेल तर खंडनात एवढंच विचारेल : दारूगोळा संपला म्हणून दक्षिण कुठली मोठी लढाई हरली? इथे आपली मुलं गप्प होतात. दक्षिणेच्या राजधानीतला, रिचमंडचा ट्रेडेगार लोखंड कारखाना तोफा ओतत होता, दक्षिणेच्या शस्त्रखात्याचा प्रमुख जोसाया गॉरगस याच्या हाताखालच्या जॉर्ज रेन्स या अधिकाऱ्याने जॉर्जियात ऑगस्टाला बंदुकीच्या दारूचा प्रचंड कारखाना उभा केला होता. दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैनिकांना बुटं मिळाली नाहीत, पोटभर खायला मिळालं नाही, पण बंदुकीची दारू मिळत राहिली.

मग उद्योगवाल्यांनी कारखान्यांपेक्षा रुळांवर भर द्यावा. हा मुद्दा आपल्याकडच्या परीक्षकाला पटकन कळतो, कारण मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजचे रूळ होते. आमचे आजोबा गुळाचा व्यापार करायचे. पंढरपूरकडून छोट्या गाडीने आलेला माल मिरजेत उतरवायचा, हमालांनी पाठीवरून पलीकडच्या गाडीत चढवायचा, यात अख्खा दिवस जायचा आणि दोन ढेपा हमखास फुटायच्या. शार्लट गावी दक्षिणेची हीच गत. दोन्ही कॅरोलायना दक्षिणेचीच राज्यं, पण उत्तर कॅरोलायनाचे रूळ ४ फूट साडेआठ इंच रुंद, दक्षिण कॅरोलायनाचे ५ फूट.

सप्टेंबर १८६३ चं उदाहरण घ्या. दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याचे सुमारे १२ हजार सैनिक व्हर्जिनियातून जॉर्जियाला निघाले. जवळचा रेल्वेमार्ग शत्रूच्या ताब्यात, म्हणून कॅरोलायनामधून लांबचा वळसा. जॉर्जियातल्या चिकामॉगाच्या लढाईला निम्मेच वेळेवर पोचले, तोफखाना पोचलाच नाही. त्याच महिनाअखेरीस उत्तरेने २० हजारांवर माणसं, तोफा-घोड्यांसकट, सुमारे १,२०० मैल नेली, बारा दिवसांच्या आत. रूळ उत्तरेतही सगळीकडे एकसारखे नव्हते, पण डबे, इंजिनं आणि हुकूम एका हातात होते. फक्त एक सांभाळा : चिकामॉगाची लढाई दक्षिणेनेच जिंकली. परीक्षकाने हे आठवण करून दिलं तर तोंड पडू नये.

आता मनुष्यबळ. इथे मुलं सरधोपट वजाबाकी करतात : उत्तरेत २ कोटी २० लाख, दक्षिणेत ९० लाख, विषय संपला. नाही संपत. त्या ९० लाखांत साधारण ३५ लाख गुलाम होते. सुरुवातीला ते दक्षिणेच्याच कामी आले. शेतं तेच कसत, खंदक तेच खणत, म्हणून लढण्याच्या वयाचे बहुतेक गोरे सैन्यात पाठवता आले. आपल्याकडे घरटी एक जवान असलेल्या साताऱ्याच्या अपशिंगे गावाला विचारा, पोरगा सैन्यात गेला की मागे नांगर कोण धरतो हा प्रश्न किती खरा असतो.

पण माणूस हे यंत्र नाही, तो पळून जातो आणि पलीकडून लढतो. दक्षिणेतल्या गुलामांना मुक्त ठरवणाऱ्या, १ जानेवारी १८६३ च्या उत्तरेच्या मुक्ती जाहीरनाम्यानंतर युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत दाखल झाले, त्यातले बहुतेक गुलामीच्या राज्यांतून आलेले. एका बाजूचा नांगर सुटला, दुसरीकडे बंदूक वाढली. कारखान्याच्या आकड्यात ही गंमत नाही, ट्रेडेगारची भट्टी काही रात्रीतून उठून वॉशिंग्टनला गेली नाही.

उत्तरेची शेतं कुणी सांभाळली, हा प्रश्न येणारच. कापणी यंत्रं आणि बायका. हा मुद्दा दोन्ही बाजूंना वापरता येतो, जो आधी उच्चारेल त्याचा. उत्तरेच्या नाकेबंदीत दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे मुंबईत पैशांचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये शेअर बाजार बुडाला, हे ऐकायला रंजक आहे, पण सात मिनिटांत त्याला जागा देऊ नका.

माझं मत : आकडे घडाघडा म्हणता येतात पण खंडनात अडखळता, तर उद्योग घ्या, आणि वेळेतला निम्मा भाग रुळांना द्या. उलटतपासणी झेपत असेल तर मनुष्यबळच घ्या. सक्तीची भरती दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्येच सुरू केली, उत्तरेच्या जवळजवळ वर्षभर आधी, हे सुरुवातीलाच सांगून टाका. मार्च १८६५ मात्र शेवटच्या घंटेसाठी राखून ठेवा. ज्या व्यवस्थेसाठी युद्ध पुकारलं त्याच व्यवस्थेतल्या गुलामांना शिपाई म्हणून घ्यायचा कायदा दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्या महिन्यात केला. ९ एप्रिलला अ‍ॅपोमॅटॉक्सला ली शरण आला.