कोजागरीच्या पाहुण्यांसाठी तोटीचा थर्मास: कोणत्या पेयाला चालतो, कोणत्याला नाही

कोजागरीच्या रात्री गच्चीवर पंचवीस-तीस माणसे जमणार असली, की एकट्या मसाला दुधावर भागत नाही. कोणाला दूध पचत नाही, कोणाला साखर वर्ज्य असते, कोणाला भेळ-वड्यांनंतर गोड नको असते. त्यामुळे दुधाबरोबर कोरा चहा, धने-जिऱ्याचा कषाय आणि एखादे गरम सार असे तीन-चार प्रकार एका टेबलावर मांडून पाहुण्यांनी आपापले घ्यावे, अशी सोय पुष्कळ घरांत केली जाते. या सोयीसाठी भांड्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन हमखास सुचवली जाणारी वस्तू म्हणजे तोटी बसवलेला, दुहेरी भिंतीचा स्टीलचा मोठा थर्मास. आमच्या घरी १० लिटरचा असा थर्मास आहे आणि कोजागरी, दिवाळीचा फराळ, मार्गशीर्षातले हळदीकुंकू अशा प्रसंगी तो बाहेर निघतो. पातळ, गाळलेल्या आणि बिनदुधाच्या पेयांसाठी तो उत्तम आहे. मसाला दुधासाठी, म्हणजे ज्याच्यासाठी बहुतेक लोक तो विकत घेतात त्यासाठी, तो मुळीच योग्य नाही.

प्रथम वस्तूविषयी. आत आणि बाहेर स्टील आणि मधल्या पोकळीत फोम, अशी या मोठ्या थर्मासांची सर्वसाधारण घडण असते. एक-दोन लिटरच्या बाटलीवजा थर्मासात दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते आणि त्यामुळे उष्णता फारच सावकाश बाहेर पडते. फोमच्या भांड्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. तरीही दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला हे भांडे पुरते, मात्र त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. भरण्यापूर्वी त्यात उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकण लावून ठेवावे आणि मग ते फेकून पेय भरावे, कारण थंड स्टील पहिल्याच झटक्यात पेयाची बरीच उष्णता शोषून घेते. दुसरे म्हणजे भांडे काठोकाठ नसले तरी बहुतांश भरलेले असावे. १० लिटरच्या थर्मासात तीन लिटर चहा ठेवला, तर तो तासाभरात निवायला लागतो. तोच चहा ५ लिटरच्या भांड्यात ठेवला असता बराच वेळ चांगला गरम राहतो. म्हणूनच एका मोठ्या थर्मासाऐवजी ५ लिटरचे दोन घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पेये एकाच वेळी मांडता येतात हा त्याचा आणखी एक लाभ आहे, आणि भरलेले भांडे जिन्यावरून गच्चीत नेणाऱ्या माणसाच्या कमरेचाही त्यात विचार झालेला असतो.

या वस्तूची खरी परीक्षा तोटीपाशी होते. झाकण रबरी कड्याने घट्ट बसत असेल आणि त्यात हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र किंवा उघडझाप करणारी कळ नसेल, तर चार-सहा पेले भरल्यावर धार बारीक होते, मग गुळगुळ आवाज करीत थांबते आणि पाहुणे तोटी बिघडली असे समजून ती जोरात हलवू लागतात. झाकण किंचित सैल केले की धार पूर्ववत होते, परंतु तेवढीच वाफही निघून जाते. दुकानात पाहताना झाकणावरील हे छिद्र आधी शोधावे. तोटी तळापासून किती उंचीवर आहे हेही पाहावे, कारण तोटीच्या खाली राहिलेले पेय भांडे कलते केल्याशिवाय बाहेर येत नाही आणि गरम पेयाने भरलेले भांडे पाहुण्यांच्या गर्दीत कलते करणे धोक्याचे आहे. आमच्या थर्मासाची तोटी पहिल्या वर्षी व्यवस्थित होती, पुढे मात्र थेंब-थेंब गळू लागली. वायसर बदलल्यावर ती थांबली, पण तो वायसर कंपनीकडून मिळाला नाही, भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून मिळाला.

आता पेयांकडे वळू. कोरा चहा हे या भांड्याचे सर्वांत आवडते पेय म्हणावे लागेल. दुधाचा चहा दोन तास गरम ठेवला की तुरट आणि शिळकट होतो, त्याचा रंग काळवंडतो आणि कितीही चांगली पत्ती वापरली तरी स्टेशनवरच्या उरलेल्या चहाची आठवण होते. म्हणून गवती चहा, आले आणि वेलची घालून कोरा चहा करावा, पत्ती लगेच गाळून काढावी आणि नुसते पाणी थर्मासात भरावे. गरम दूध एका लहान थर्मासात वेगळे ठेवावे, साखर वेगळी ठेवावी, आणि ज्याला जसा हवा तसा त्याने करून घ्यावा. गूळ ठेवायचा असेल तर तो कोऱ्या चहासाठीच ठेवावा, कारण गुळातील आंबटपणामुळे उकळत्या दुधाचा चहा फाटू शकतो. आल्याच्या बाबतीतही हेच लक्षात घ्यावे. कच्च्या आल्यातील एक पाचक घटक दुधातील प्रथिने तोडतो आणि दूध नासते. आले आधी पाण्यात खळखळून उकळले म्हणजे तो घटक निष्क्रिय होतो. कोरा चहा आणि दूध वेगवेगळे ठेवण्याच्या पद्धतीत या दोन्ही अडचणी आपोआप टळतात.

कषाय हे पेय गोव्यात आणि सिंधुदुर्गाकडे घरोघरी परिचित आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ते नवे वाटते आणि बहुधा सर्वांत आधी संपते. धने मुख्य, त्यांच्या चौथाईने जिरे, थोडी बडीशेप, चार मिरे आणि सुंठ हे सर्व मंद आचेवर भाजून पूड करावी, ती पाण्यात उकळावी, गूळ विरघळवावा आणि फडक्यातून गाळून थर्मासात भरावे. साध्या गाळणीने भागत नाही, कारण धन्यांचा भुसा तळाशी बसतो आणि तो नेमका तोटीतून पहिल्या पेल्यात येतो. ज्यांना दूध घालून हवे त्यांच्यासाठी शेजारचे दूध आहेच. कॅफिन नसल्यामुळे लहान मुलांना आणि रात्री चहा टाळणाऱ्या ज्येष्ठांना ते निर्धास्तपणे देता येते.

साराच्या बाबतीत या भांड्याची एक मर्यादा लक्षात येते, जी विक्रेता सांगत नाही आणि विकत घेणाऱ्याच्याही आधी डोक्यात येत नाही. टोमॅटोच्या किंवा कोकमाच्या साराचा जीव तूप-जिऱ्याच्या फोडणीत असतो. तूप वर तरंगते आणि तोटी तळाशी असते. परिणामी सुरुवातीच्या पाहुण्यांच्या वाट्याला आंबट, खारट आणि बेचव पाणी येते, तर शेवटच्या दोघा-तिघांना तुपाचा तवंग मिळतो. यावर उपाय म्हणजे सार बिनफोडणीचे भरावे आणि तूप-जिऱ्याची फोडणी लहान वाटीत शेजारी ठेवून प्रत्येक पेल्यात चमचाभर घालावी. नारळाचे दूध घातलेले सार मात्र भरू नये, कारण ते जास्त वेळ गरम राहिले की फुटते. आंबट पेय भरणार असाल तर तोटी स्टीलची आहे की पितळेवर मुलामा दिलेली, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. मुलामा उडालेल्या पितळेला आंबट पदार्थ लागणे बरे नाही.

आणि मसाला दूध. माणशी १२० मिलिलिटरचा पेला धरला तर तीस माणसांना साडेतीन लिटरच्या वर दूध लागते, आणि निम्मी माणसे दुसऱ्यांदा घेतात हे धरले तर साडेपाच लिटरच्या आसपास तयार दूध हवे. म्हणजे साडेसहा-सात लिटर दूध आटवायला घ्यावे लागते. ६ टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध घेतले तर फार आटवावे लागत नाही; ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाला तितका दाटपणा येत नाही आणि मग लोक त्यात मिल्क पावडर घालतात, ज्याची चव लपत नाही. केशर आधी कोमट दुधात भिजवून, जायफळ सहाणेवर उगाळून आणि बदाम-पिस्ते जाडसर कुटून घातलेले असे दूध या थर्मासात मुद्दाम ठेवून पाहिले. झाकण बंद असल्यामुळे उघड्या पातेल्यापेक्षा साय कमी धरते, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. बाकी सर्व विरुद्ध आहे. सुकामेव्याची भरड हळूहळू तळाशी बसते, त्यामुळे पहिल्या काही पेल्यांत पेयापेक्षा बदामच जास्त येतात आणि नंतरच्या मंडळींना नुसते पिवळे दूध मिळते. चारोळीचा एखादा दाणा किंवा पिस्त्याचा काप तोटीच्या तोंडाशी अडकला की ती पूर्ण बंद होत नाही आणि दूध टपकत राहते. काढता न येणाऱ्या तोटीच्या आतल्या भागात दुधाचा जो थर बसतो तो पाण्याने जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. जायफळ-वेलचीचा वास रबरी कड्यात असा मुरतो, की पुढच्या वेळच्या कोऱ्या चहालाही तो लागतो.

याहून गंभीर मुद्दा आरोग्याचा आहे. दूध ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवले तर त्यात जंतूंची वाढ रोखली जाते. त्याखाली, कोमट अवस्थेत ते तासन्‌तास राहिले तर ती झपाट्याने होते. फोमच्या भांड्यातले अर्धे संपलेले दूध नेमके या कोमट टप्प्यावर येऊन रेंगाळते, आणि बंद झाकणामुळे ते निवत चालले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मसाला दूध जाड बुडाच्या पातेल्यातच ठेवावे, मंद आचेच्या शेगडीवर किंवा गरम पाण्याच्या परातीत, आणि घरातल्या एका माणसाने ओगराळ्याने ढवळून वाढावे. शिवाय चांदण्यात दूध ठेवण्याचा रिवाज झाकणबंद स्टीलच्या भांड्यात कसा पाळायचा, याचे उत्तर अद्याप कोणत्याही कंपनीने दिलेले नाही.

थर्मासाऐवजी विजेवर चालणारी पाणी तापवण्याची टाकी घ्यावी का, असा प्रश्न काही जण विचारतात. नुसत्या पाण्यासाठी आणि कोऱ्या चहासाठी ती चांगली आहे, परंतु दुधासाठी नाही, कारण तापणाऱ्या भागाला लागून दूध करपते. १० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे पाऊण युनिटापेक्षा थोडी अधिक वीज लागते आणि १५०० वॅटच्या टाकीला त्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. खर्च किरकोळ आहे. अडचण वीजजोडणीची आहे. घरातील साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १४०० वॅटपर्यंतसुद्धा पुरत नाही, आणि गच्चीवर आपण जी वायर ओढून नेतो तिला तर आणखी दिव्यांच्या माळा आणि गाणी वाजवणारा स्पीकर जोडलेला असतो. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट जवळ नसेल तर हा विचार सोडून द्यावा.

पेल्यांविषयी थोडक्यात. कागदी कपांच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि १०० मिलिलिटर गरम पेय त्यात पंधरा मिनिटे राहिले तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात, असे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आढळले आहे. स्टीलची फुलपात्रे हाताला चटके देतात. जाड बुडाचे कटिंगचे काचेचे ग्लास सर्वांत सोयीचे आहेत. ते भाड्याने मिळतात आणि मंडप-केटरिंगवाले धुऊन घेण्याचा आग्रहही धरत नाहीत.

मांडणी करताना थर्मास टेबलाच्या कडेला, परंतु लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर येणार नाही असा ठेवावा. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत त्वचा भाजते, आणि मुलांना तोटी फिरवून पाहण्याचा मोह आवरत नाही. कळ दाबूनच उघडणारी, सोडताच आपोआप बंद होणारी तोटी म्हणून अधिक चांगली. प्रत्येक भांड्यासमोर पेयाचे नाव आणि त्यात दूध, साखर, गूळ, सुकामेवा यांपैकी काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पाहुण्यांत मधुमेही आणि सुकामेव्याची ॲलर्जी असणारे कोणी ना कोणी असतातच.

वर्षातून एकदाच मोठा कार्यक्रम होत असेल, तर थर्मास विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा. तो ठेवायला कपाटाचा आख्खा खालचा कप्पा लागतो, आणि न वापरता झाकण लावून ठेवला की आतून कुबट वास धरतो; तो नेहमी उघडा आणि कोरडा करूनच ठेवला पाहिजे. भाड्याचा थर्मास आणला तर मात्र आधी त्यात गरम पाणी व खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावा आणि ते पाणी तोटीतूनच सोडून द्यावे, कारण भांडे आतून चकचकीत असले तरी मागच्या कार्यक्रमाची कॉफी तोटीतच राहिलेली असते. वर्षातून तीन-चार प्रसंग होत असतील, तर ५ लिटरचे दोन थर्मास विकत घेणे परवडते. त्यासाठी तोटी पूर्ण सुटी होणारी असावी, झाकणाला हवेचे छिद्र असावे, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून तोटीचे दोन जादा वायसर मागून घ्यावेत. बहुतेक दुकानदार ते फुकट देतात.